ओढू की सोडू?

आवाज पहिल्यांदा बायकोला ऐकू आला. म्हणजे मला तो आधीच ऐकू आला होता. पण ऐकू आला असं कबूल केलं की काहीतरी करावं लागतं, म्हणून मी तो ऐकलाच नव्हता. रिव्हर्स टाकून क्लच सोडला की गाडीच्या पोटातून ‘टण्’. मग पहिला गिअर टाकला की आणखी एक ‘टण्’. जणू खाली कुणी पातेलं घेऊन बसलंय आणि मी गिअर बदलला की पळीने पोच देतंय.

‘अहो, काहीतरी वाजतंय.’

‘जुनी गाडी आहे, वाजणारच,’ असं म्हणून मी रेडिओचं बटण जरा उजवीकडे फिरवलं. हाच उपचार पुढे चार महिने चालला. गाडीचा आवाज वाढला की रेडिओचा वाढवायचा. शेवटी बटण अशा जागी येऊन थांबलं की आम्हाला हवामानाचा अंदाजसुद्धा कुणीतरी दम दिल्यासारखा ऐकू येऊ लागला.

मग चिमणी आली. सावकाश जाताना खालून चिव, चिव, चिव. वेग वाढवला की चिवचिवाट जलद. मी दोनदा बॉनेट उघडून घरटं शोधलं. त्यानंतर एका ठरावीक वेगाला सीट थरथरायला लागली, तेव्हा मात्र गाडी मिस्त्रींना दाखवली. त्यांनी गाडीखाली हात घातला, लांब दांडा डावी-उजवीकडे पिळून ‘टण्’ वाजवून दाखवलं आणि म्हणाले, ‘क्रॉस गेलाय. दोन्ही बाजूंचा.’

मी विचारलं, ‘कुठे?’

ते माझ्याकडे काही क्षण बघत राहिले. मग हळुवार आवाजात म्हणाले, ‘दोन तासांचं काम आहे. अवजारं असतील तर घरीसुद्धा होईल. फक्त सोडवण्याआधी खुणा करून घ्या.’ यातलं मधलं वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं. मला तेवढंच नीट ऐकू आलं.

आमची गाडी जुन्या घराण्यातली. इंजिन पुढे आणि ढकलणारी चाकं मागे. दोघांच्या मधे तो लांबलचक पोकळ दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स आपल्या जागी बसून असतो, मागचा अ‍ॅक्सल मात्र खड्ड्यागणिक वर-खाली नाचतो. या दोघांचं जमवून आणायचं तर दांड्याला फिरता फिरता वाकता आलं पाहिजे. ते काम दोन टोकांचे दोन क्रॉस करतात. क्रॉस म्हणजे बेरजेच्या चिन्हासारखा चार हातांचा पोलादी तुकडा. प्रत्येक हातावर एक टोपी आणि टोपीच्या आत कडेने गोल उभ्या केलेल्या बारीक सुया. या जोडाला कार्दानोचं नाव चिकटलंय. सोळाव्या शतकातला हा इटालियन गृहस्थ वैद्य होता, गणिती होता, ज्योतिषी होता आणि शिवाय पट्टीचा जुगारी. पुढे 1676 साली रॉबर्ट हूकने याला ‘युनिव्हर्सल जॉइंट’ म्हटलं. स्प्रिंगचा नियम सांगणारा तोच हूक. दोघंही मोठी माणसं. पण गंजलेल्या नटाखाली पाठीवर झोपायची पाळी दोघांपैकी एकावरही आली नाही, आणि हा मला इतिहासातला अन्याय वाटतो.

रविवारी सकाळी पुढच्या चाकांना ठोकळे लावले, मागून गाडी उचलली आणि दोन भक्कम घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवली. (नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नये. मी कितीही वेंधळा असलो तरी तेवढा नाही.) चष्मा लावून खाली सरपटलो. शाफ्टच्या टोकाला चार बोल्ट दिसले. म्हणजे दोन दिसले. उरलेले दोन शाफ्टच्या वरच्या बाजूला, गाडीच्या पोटाला पाठ लावून बसलेले.

इथे खरी गंमत. नट सोडवायचा तर शाफ्ट फिरता कामा नये, म्हणून हँडब्रेक ओढलेला हवा. वरचे नट खाली आणायचे तर शाफ्ट फिरला पाहिजे, म्हणून हँडब्रेक सोडलेला हवा. हँडब्रेक गाडीच्या आत, मी गाडीच्या खाली. दोनदा बाहेर सरपटून आलो, तेव्हा बायकोला दया आली. ती हातातलं पुस्तक घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

‘ओढा!’

‘ओढला.’

‘सोडा!’

‘सोडला.’

‘ओढा!... अहो, ओढा म्हटलं ना!’

‘पान संपवू द्या.’

नटांनी गाडीशी आजन्म सोबतीची शपथ घेतली होती. गंज सोडवणारं तेल मारून थांबायचं, पान्याला पाइप लावून जोर करायचा, नट सुटला की पान्यासकट हात डोक्यावरच्या पत्र्यावर आपटायचा, असा कार्यक्रम आठ वेळा झाला. शेवटचा बोल्ट निघताना शाफ्टने मान टाकली आणि तो माझ्या छातीवर उतरला. सीटवरून विचारणा झाली, ‘ओढू की सोडू?’ मला उत्तर देता आलं नाही.

तोपर्यंत दोन तास होऊन गेले होते आणि मूळ कामाला हातही लागला नव्हता.

टोप्या जागेवर धरून ठेवायला बारीक लॉक असतात. चिमट्याने दाबून ते काढायचे. सात निघाले, आठवा ‘टिंग’ करून अनंतात विलीन झाला. मी अर्धा तास गुडघ्यांवर रांगत त्याला शोधला. ‘नव्या पाकिटात लॉक असतात ना?’ बायकोने विचारलं. असतात. प्रत्येकात चार-चार. मी तरीही आणखी पाच मिनिटं शोधलं. लगेच उठणं बरं दिसलं नसतं.

मग टोप्या काढायला शिकंजा, म्हणजे व्हाइस. त्यात एका बाजूला लहान गोटी, म्हणजे पान्याचं पोकळ सॉकेट, दुसऱ्या बाजूला मोठी. लहान गोटी इकडची टोपी आत ढकलते आणि समोरची टोपी मोठ्या गोटीच्या पोटात शिरते. सांगायला सोपं. टोपी हलत नाही, हलत नाही, मी शिकंज्याला लोंबकळतो, हलत नाही, आणि मग ‘ठाक्’! मला वाटलं काहीतरी फुटलं. नाही, हालली होती. केसभर.

आत ग्रीस नव्हतंच, तांबूस भुकटी होती. सुयांनी क्रॉसच्या हातांवर उभ्या चरी पाडल्या होत्या, कंगवा फिरवावा तशा. क्रॉस शाफ्टबरोबर गरागरा फिरतो, पण टोपीतल्या सुया मात्र जागच्या जागी पुढे-मागे इवल्याशा झुलतात. वर्षानुवर्षं तिथल्या तिथेच. म्हणून तिथेच खड्डा.

नवे क्रॉस बसवताना मी अतिशय सावध होतो. सुया ग्रीसमध्ये चिकटवून उभ्या आहेत, याची प्रत्येक टोपीत डोकावून खात्री केली. तरी एक टोपी लॉकच्या खाचेच्या दोन मिलिमीटर अलीकडे अडली. शहाण्या माणसाने इथे थांबून टोपी बाहेर काढून बघितली असती. मी शिकंज्याचा दांडा आणखी एक वेढा फिरवला. आतून ‘कट्’. एक सुई आडवी पडून टोपीच्या तळाशी झोपली होती, तिचे आता दोन तुकडे झाले होते. असे दोन क्रॉस बदलायला मी तीन विकत घेतले. तिसरा मागायला गेलो तेव्हा दुकानदाराने काही विचारलं नाही. नुसतं म्हणाला, ‘सुई?’

बसवल्यावर जोड गच्च झाला, वाकेना. मिस्त्रींना फोन लावला. ‘दोन्ही कानांवर एकेक टपली द्या,’ ते म्हणाले. मी मुकाट्याने ऐकत राहिलो. ‘तुमच्या नाही हो! योकच्या.’ (योक म्हणजे शाफ्टच्या टोकाची दोन कानांची बेचकी. क्रॉसच्या टोप्या या कानांत बसतात.) हलकी हातोडी मारली आणि खरंच, जोड सैलावला.

खुशीच्या भरात मी शाफ्टचा मधला, दात्यांचा सरकता सांधा सोडवला आणि अख्खा शाफ्ट डिझेलने धुऊन चकाचक केला. मग कापड पिळताना लक्षात आलं, की खुणा मी खडूने केल्या होत्या.

अंदाजाने जोडला. अंधार पडता पडता चाचणीला निघालो. रिव्हर्स, क्लच: शांत. पहिला गिअर: शांत. मी विजयी मुद्रेने बायकोकडे बघितलं आणि वेग वाढवला. सगळी गाडी ‘मम्मम्मम्’ करू लागली. पूर्वी नुसती सीट थरथरायची, आता आरसाही.

‘दोन टोकांचे कान एका रेषेत आहेत का?’ मिस्त्रींनी फोनवर विचारलं. जोड कोनात असला की पलीकडची बाजू एकसारखी फिरत नाही. एका फेरीत दोनदा पळते, दोनदा रेंगाळते. दुसऱ्या टोकाचा जोड नेमका उलट वागतो आणि हिशेब मिटवतो. पण त्यासाठी शाफ्टवरचे दोन्हीकडचे कान एका रेषेत हवेत. मी सरकता सांधा भलत्याच दात्यांवर बसवला होता. दोन टोकं एकमेकांची चूक सुधारण्याऐवजी तिच्यात भर घालत होती.

पुढच्या रविवारी मी घोड्या, पाने आणि या वेळी पांढरा ऑइल पेंट घेऊन बाहेर आलो, तर बायको आधीच सीटवर बसलेली. पुस्तक अर्ध्यावर आलं होतं.

नट आता सहज सुटले. दुपारच्या आत आम्ही रस्त्यावर होतो. टण् नाही, चिमणी नाही, थरथर नाही. इतकं शांत, की रेडिओ एकदम अंगावर आला.

‘हळू करा ना तो,’ बायको ओरडली.

मी बटण डावीकडे फिरवायला गेलो. फिरेना. चार महिने नुसतं उजवीकडेच सरकून शेवटी तिथेच गच्च बसलं होतं.