ज्वालामुखीची राख म्हणजे खत नव्हे काका! त्या फॉरवर्डला एकेक करून उत्तर

गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा तो फॉरवर्ड आला, यावेळी आमच्याच फॅमिली ग्रुपवर, आणि पाठवला कोणी तर माझ्या सख्ख्या काकांनी, वर परत "आपले माती-तज्ज्ञ काय म्हणतात?" अशी पुस्ती जोडून. आता नाव घेऊन विचारल्यावर गप्प कसं बसणार. ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात: ज्वालामुखीची राख जगातलं सगळ्यात भारी खत आहे, ती पडली की जमिनीचं सोनं होतं. आपली काळी माती म्हणजे तीच राख. डोंगरउतारावर राख टिकत नाही, पहिल्या पावसात वाहून जाते. अशा मातीत जंगल तोडलं तरी आपोआप परत येतं. आणि शेवटी, अर्थातच, कुंडीत दोन मुठी टाकायची राखेची पावडर, पाकिटाच्या फोटोसकट.

मी राहतो अमेरिकेत, आयडाहो राज्याच्या उत्तरेला, आणि इथल्या डोंगरांत चार उन्हाळे खड्डे खणून माती बघायचं काम केलंय, त्यामुळे या एका विषयावर तरी मला बोलू द्या.

आधी "राख" या शब्दाचाच घोटाळा निस्तरू. चुलीतली राख म्हणजे लाकूड जळून उरलेलं, त्यात पोटॅश असतं, चुना असतो, आजी ती वांग्याच्या झाडाला टाकायची ते बरोबरच होतं. ज्वालामुखीच्या राखेत काहीही जळलेलं नसतं. ती मुख्यतः काच असते. वितळलेला खडक स्फोटात फुटून त्याचे बारीक तुकडे हवेत उडतात आणि थंड होतात, भिंगाखाली बघितलं तर फुटलेल्या बाटलीचा चुरा वाटतो. आता काचेचा चुरा खत कसा होईल? त्यात नायट्रोजन जवळजवळ शून्य. पोटॅशियम, कॅल्शियम असतं, पण काचेत अडकलेलं, ते सुटायला काच कुजावी लागते, म्हणजे ऊन, पाऊस आणि भरपूर काळ लागतो.

जावा बेटाचं उदाहरण फॉरवर्डमध्ये दिलंय आणि ते खोटं नाही, तिथली जमीन सुपीक आहेच, पण तिथे बारा महिने गरम, धो धो पाऊस आणि जिवंत ज्वालामुखी अधूनमधून ताजी राख टाकत असतात, त्यामुळे काच पटापट कुजते. आमच्याकडे नेमकं उलटं आहे. इथली राख आली ओरेगॉनमधल्या माउंट मझामा नावाच्या डोंगरातून, साधारण ७,७०० वर्षांपूर्वी. तो डोंगर फुटला, त्याचा माथाच आत कोसळला आणि त्या खड्ड्यात आज क्रेटर लेक आहे, जवळपास ६०० मीटर खोल, अमेरिकेतलं सगळ्यात खोल तळं. तिथपासून इथले डोंगर साधारण साडेसहाशे किलोमीटर लांब, मुंबईहून नागपूरला विमान जेवढं उडतं जवळपास तेवढं, आणि वाऱ्याने एवढ्या लांब आणून टाकलेली ती राख आजही इथे वरच्या थरात आहे. उंचावरच्या जंगलात मातीचं वर्षाचं सरासरी तापमान आठ अंशांच्याही खाली. एवढ्या थंडीत ७,७०० वर्षं उलटली तरी काच अजून पूर्ण कुजलेली नाही, सूक्ष्मदर्शकाखाली ढीगभर दिसते. हे "लगेच सोनं होतं" त्यात कुठे बसवायचं ते काकांनीच सांगावं.

बरं, कुजून जे तयार होतं ते तरी सरळ आहे का? काचेतून ॲल्युमिनियम सुटतं आणि त्याचे ॲलोफेन वगैरे अतिबारीक, धड स्फटिक पण नसलेले कण बनतात, आणि हे कण फॉस्फरसला असे धरून ठेवतात की सावकाराने गहाण दागिना धरावा. तुम्ही फॉस्फेटचं खत टाका, माती गिळून बसते, झाडाला जेमतेम काहीतरी मिळतं. आम्ही फील्डवर याची एक सोपी टेस्ट करायचो. फिनॉल्फ्थॅलिन (आम्लाच्या उलट गुणाचं, म्हणजे अल्कली काही लागलं की गुलाबी होणारं रसायन) लावलेला कागद, त्यावर चिमूटभर माती, वरून सोडियम फ्लोराइडचे दोन थेंब (हातमोजे घालून, ते विष आहे). माती राखेची असेल तर बघता बघता कागद गुलाबी होतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला शाळेतली प्रयोगशाळा आठवली होती.

आता काळी माती. यात फार वेळ घालवत नाही. दख्खनचा खडक म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून वाहत आलेल्या लाव्हाचा बेसाल्ट, त्याची झीज होऊन आपली रेगूर झाली. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात बुटाला किलोभर चिकटणारा चिखल, हा सगळा तिच्यातल्या फुगणाऱ्या चिकणमातीचा प्रताप. राखेची माती यातलं काहीच करत नाही, फुगत नाही, भेगा पडत नाहीत, चिकटत नाही. आणि गंमत म्हणजे आमच्या जंगलातली ती काळीसुद्धा नाही, चहात दूध जरा कमी पडलं की होतो तसा तांबूस तपकिरी रंग. जपानमध्ये गवताळ भागात राखेची माती काळीकुट्ट असते हे खरं, या सगळ्या गटाचं अँडिसॉल हे नाव पण जपानी "आन-दो" म्हणजे काळसर माती यावरूनच पडलं, पण तो काळेपणा गवताची मुळं कुजून झालेल्या काळ्या ह्यूमसचा, राखेचा नव्हे. महाराष्ट्रात खरी ज्वालामुखीची राख बघायचीच असेल तर काका, तुमच्या जुन्नर तालुक्यातच कुकडीकाठी बोरीला तिचा थर आहे, तिच्या वयावरून शास्त्रज्ञ कित्येक वर्षं भांडतायत. पण तो नदीकाठच्या गाळात दडलेला एक थर झाला, त्याच्यावर काही आख्खं मराठवाडा-विदर्भाचं कापूस उभं नाही.

उताराचा मुद्दा मात्र मला मनापासून आवडतो कारण तो ऐकायला एकदम बरोबर वाटतो. हलकी राख, उभा डोंगर, पाऊस, वाहून जाणारच की. प्रत्यक्षात साठ टक्के उतारावर, म्हणजे आडवं शंभर फूट गेलात तर साठ फूट वर चढाल अशा ठिकाणी, जिथे मी एका हाताने झाडाचं मूळ धरून दुसऱ्या हाताने खणलंय, तिथे पण वर झाडांच्या गळलेल्या सुया (इथल्या झाडांची पानं सुईसारखी असतात) आणि कुजलेल्या लाकडाची गादी आणि तिच्याखाली अर्धा मीटर जाडीची राख निवांत बसलेली सापडते. फावडं भसकन आत जातं, काही विरोधच नाही, आणि मग एकदम खट्ट, खाली दगडगोटे आणि जुनी माती. ढेकूळ हातात घेतलं तर वाटतं आत काही नाहीच. साध्या शेतजमिनीची लिटरभर कोरडी माती सव्वा ते दीड किलो भरते, ही भरते पाऊण किलोच्या आसपास. बोटांत चोळली तर मैद्यासारखी, ओली असेल तर जराशी बुळबुळीत.

आणि टिकण्याचं कारण याच हलकेपणात आहे. शंभर भागांतले जवळपास सत्तर भाग पोकळी, त्यामुळे पाऊस पडो नाहीतर बर्फ वितळो, पाणी वरून पळतच नाही, सरळ आत मुरतं, आणि वर सुयांची गादी आणि मुळांचं जाळं असतंच. वाहून कुठे गेली? दक्षिणेकडे तोंड असलेल्या कोरड्या, विरळ झाडांच्या उतारांवरून, आणि जिथे वणव्याने वरची गादी जळाली तिथून. एकाच डोंगराच्या उत्तर बाजूला गुडघाभर राख आणि दक्षिण बाजूला नुसते दगड असं मी स्वतः बघितलंय. म्हणजे राख टिकली ती जंगलाच्या पांघरुणाखाली. पांघरूण काढा, मग फॉरवर्डवाल्याचं म्हणणं खरं होईल.

या मातीची खरी किंमत पण इथेच आहे, खतात नाही. इथे पाऊस-बर्फ सगळा हिवाळ्यात, जुलै-ऑगस्ट कोरडे ठाक. आपल्याकडे पावसाळ्यात झाडं वाढतात, इथे ऐन वाढीच्या दिवसांत आभाळातून थेंब नाही. मग देवदारासारखी ती प्रचंड रेडसिडार, ग्रँड फर जगतात कशावर? वितळलेल्या बर्फाचं पाणी या राखेच्या थराने स्पंजसारखं धरून ठेवलेलं असतं त्यावर. पाण्याची टाकी आहे ती, खताचं पोतं नव्हे. अशाच एका मातीला तर आयडाहोची राज्य-माती म्हणून निवडलंय, नाव थ्रीबेअर, तीन अस्वलं!

तर "जंगल तोडलं तरी आपोआप येतं". एक तर ही माती दबते. लाकूड ओढणारी जड मशीन ओल्या मातीवरून काही फेऱ्या मारून गेली की पोकळी चेपली, टाकी फुटली, आणि हे भरून यायला कित्येक दशकं जातात. म्हणून तर मशीनला आखून दिलेल्या वाटांवरूनच न्या, नाहीतर जमीन गोठलेली असताना किंवा बर्फावरूनच काम करा असं सांगतात. आणि दुसरं, इथल्याच क्लिअरवॉटर नदीच्या डोंगरांत ग्रँड फरचं जंगल तोडलेल्या काही जागी झाड परत आलंच नाही, कमरेएवढं ब्रॅकन नेचं माजलं आणि गोफर नावाचे उंदरासारखे प्राणी बिळं करून रोपांची मुळं खात सुटले. मातीची तपासणी केली तर तिची रसायनंच बदललेली, आम्लता वाढलेली, ॲलोफेन कमी होऊन ॲल्युमिनियम ह्यूमसला जाऊन चिकटलेलं, मोकळं ॲल्युमिनियम मुळांना त्रास देणारं. नवीन राख कोण आणून टाकणार? मझामा तर आता तळं होऊन बसलाय.

काकांचा प्रश्न आलाच असेल, की १९८० साली सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला तेव्हा वॉशिंग्टन राज्यातल्या शेतकऱ्यांना भरघोस पीक आलं म्हणतात ते? हो, पातळ थर पडला तिथे त्या वर्षी गहू आणि सफरचंद चांगलं आलं, पण त्या उन्हाळ्यात पाऊसही नेहमीपेक्षा जास्त झाला होता, श्रेय त्याचं. जाड थर पडला तिथली पिकं आडवी झाली, तिथे कोणी सोनं-बिनं म्हणालं नाही.

राहिली पावडर. काकूंनी एक पाकीट मागवलंय असं कळलं, तुळशीला आणि मोगऱ्याला घातलं पण. पाकिटाच्या मागचा फोटो मागवून बघितला, "ज्वालामुखीजन्य खनिज चूर्ण" एवढंच लिहिलंय, नायट्रोजन-फॉस्फरस-पोटॅशचे आकडे कुठेच नाहीत. काकू, टाकलंय ते राहू द्या, चार चमच्यांनी तुळशीला काही होणार नाही, पण त्याच्या भरवशावर शेणखत बंद केलंत असं काका म्हणत होते ते मात्र आजपासून परत चालू करा.