ओला की सुका?

मे संपत आला की मालवणात होड्या किनाऱ्यावर चढतात आणि वर्षभर पाण्याखाली काय काय चाललं होतं ते उघडं पडतं. आमच्या होडीच्या बुडाला शेवाळाचा बुळबुळीत थर, आणि त्यावर बार्नेकल असे ठाण मांडून, जणू सातबाऱ्यावर त्यांचंच नाव. दिसायला शिंपल्यासारखा, पण हा प्राणी कोळंबीच्या भावकीतला. लहानपणी पोहतो, मग डोकं टेकून चिकटतो तो कायमचा.

यंदा पुण्याच्या पुतण्याने पर्यावरणस्नेही सफाईचा वसा घेतला आणि फोनवरून तो मला दिला. ॲसिड नको, ब्लीच नको. होडीच्या बुडाला लावायच्या जुन्या विषारी रंगांचीही कथा ऐकवली: त्यातल्या ट्रायब्युटिलटिन या रसायनामुळे समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली, म्हणून आंतरराष्ट्रीय करारानेच 2008 पासून तो रंग बंद. बायको म्हणाली, "निदान त्यांची स्वयंपाकातून तरी सुटका झाली असेल."

बाकी त्याचा सगळा भर रिठ्यांवर. घमेलंभर उकळून किनाऱ्यावर नेले. शेजारचे आबा तांडेल बघत होते.

"ह्यां काय?"

"रिठे. एकदम नैसर्गिक."

"मासे मारूचे हत काय?"

आबा चेष्टा करत नव्हते. रिठ्यातलं फेस आणणारं सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवरच घाला घालतं. ते पाणी शेवटी घरी सतरंज्यांना लागलं.

आबांचा उपाय फुकटातला. होडी भरतीच्या रेषेच्या वर, खाली ताडपत्री, शेवाळाला नारळाचं सोडण, बार्नेकलला प्लास्टिकची पट्टी, "आणि घास." तेही ओलं आहे तोवर, एकदा वाळलं की हात दुखतात, बार्नेकल हलत नाहीत. वरचं कवच टक्कन उडतं, पण तळाची पांढरी चकती राहतेच. ती चुन्याची. व्हिनेगरचा बोळा ठेवला की बारीक बुडबुडे येतात, मग नखाने सुटते. अशा शेकडो चकत्या. पर्यावरणाचं रक्षण मुख्यतः कमरेतून होतं, हे पुतण्या सांगायला विसरला होता.

निघालेला खच बायको माडांच्या बुंध्यात घालणार होती. पण त्यात होडीच्या जुन्या रंगाचे पापुद्रे, आणि त्या रंगात शेवाळ-बार्नेकल रोखायला घातलेलं तांबं. माडाला नको, समुद्राला तर नकोच. पोतं घेऊन घंटागाडीपाशी गेलो.

"ओला की सुका?" गाडीवाल्याने विचारलं.

"विषारी."

"तसो डबो नाय आमच्याकडे."

पोतं पडवीत आहे. तेव्हा ओला होता, आता सुका झालाय. वास मात्र दोन्हींचा येतो.