‘काहून’ म्हटलं का झगडा

गावच्या टाकीत पाणी चढत नाई म्हणून ग्रामसभेत सवाल झाले, अन् सभा झगड्यातच आटोपली. संध्याकाळी ठेल्यावर आमचे वकीलसाहेब (वकील नाई, दोनदा कोर्टात साक्ष देली तं नाव पडलं) छाती फुगवून बसले होते. "कसा धरला सरपंचाले! पैसे काहून खाल्ले, हो का नाई, एका शब्दात सांग म्हटलं. दातखीळच बसली."

बंडूकाका सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता म्हणे, "दातखीळ बसली, बराबर. मंग टाकीत पाणी काहून चढत नाई, समजलं का?"

वकील गप.

"उत्तर घरूनच ठरवून नेलं तं तो सवाल नसते बाप्पा, थापड असते. वर्षाच्या कमीत कमी चार सभा, त्यातली एक तुयानं वाया गेली. म्या असतो तं ऑपरेटरले इचारलं असतं, मोटर कवा लावतं, लाईन कवा जाते, पाण्याचा वॉल्व कोण फिरवते. यात कोणाची इज्जत जात नाई, मानूस बोलते. अन् बोलता बोलता पैशावरई येते."

"ह्या, गुळमुळीत कारभार!"

मंग मी मेंढा-लेखाचं काढलं. आपल्याच गडचिरोलीतलं गाव, ग्रामसभेत सर्वांचं जुळल्याशिवाय ठरवत नाई, अन् अभ्यासगट येगळा, तिथं नुसतं इचारायचं अन् समजून घ्यायचं, निर्णय नाई. अशा गावाले २००९ मंधी १८०० हेक्टरच्या वर जंगलाचा सामूहिक हक्क भेटला. पिंट्या म्हणे, "आपल्याकडं अभ्यासगट बसला तं पह्यला ईषय खर्ऱ्याचा भाव."

काका म्हणे, "अन् गाडगेबाबा? कीर्तनात लोकाइलेच इचारत जाये, लोकंच उत्तर देत, मंग आपल्याच उत्तरावर हासत. माह्या बापानं आयकलं हाय."

वकिलाले हे झोंबलं. "बरं काका, मले समजून घ्यायचं हाय. तुमच्या वावराचा धुरा, म्हंजे बांध, दरसाल आमच्या वावरात नांगराचे दोन तास आत कसा काय येते?"

"पाह्य! काहूनचा कसा झाला, सुदरलं पोट्टं. थांब, बैलाले इचारून सांगतो."

"बैल तं तुमी तीन वर्सं झाले इकला!"

"मंग आता कोणाले इचारशीन?"

वकीलई हासला, हासता हासता ठसका लागला. तेवढ्यात पिंट्याच्या घरून फोन, नळ आले म्हणे, पाण्याचे गुंड घेऊन पळा. दोन मिनिटात ठेला रिकामा, काकाचा खर्रा पन्नीत तसाच.