ती चार रीडिंग

गेल्या महिनाअखेरीला आमच्याकडच्या एका नव्या इंजिनिअर मुलाने लॉट, म्हणजे तयार मालाची एक खेप, होल्डवर टाकला. गाडी दारात उभी, बिल तयार, कस्टमरचे फोनवर फोन. तपासायच्या पाचपैकी दोनच पीस कापून झालेत, उरलेले तीन कापल्याशिवाय मी सही करणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. एक वरिष्ठ त्याला सगळ्यांदेखत म्हणाले, "जरा प्रोफेशनल व्हा." मुलगा गप्प राहिला, पण माल रोखल्याचा लाल टॅग काही त्याने काढला नाही. तो शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

भोसरी-चाकण पट्ट्यात २४ वर्षं क्वालिटीत काढली. या काळात 'प्रोफेशनल' हा शब्द मी बहुतेक वेळा एकाच अर्थाने ऐकला: वरच्याला अडचणीत न आणणारा माणूस. डॉक्टरबद्दल आपण असं बोलतो का? तपासल्याशिवाय औषध देणाऱ्याला कुणी चांगला डॉक्टर म्हणत नाही. पण डॉक्टरसमोर पेशंट बसलेला असतो, वकिलासमोर अशील. आमच्यासमोर तो माणूस कधीच येत नाही. मी पास केलेला स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो भाग, ज्या टेम्पोत बसतो, तो कांदा भरून कसारा घाट उतरत असतो. ड्रायव्हरला माझं नाव ठाऊक नाही आणि माझा पगारही तो देत नाही. तरी माझी सही त्याच्यासाठीच असते. प्रोफेशनल असण्याचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे, आणि तो मी चूक करून शिकलो.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं, कंपनी वेगळी होती. इंडक्शन हार्डनिंग केलेले, म्हणजे विजेच्या कॉइलने तापवून लगेच थंड करून वरचा थर कडक केलेले शाफ्ट. कंट्रोल प्लॅनप्रमाणे, म्हणजे तपासणीच्या लेखी आराखड्याप्रमाणे, प्रत्येक लॉटमधून पाच पीस कापून केस डेप्थ, म्हणजे कडक झालेल्या थराची खोली, मोजायची. पीस कापा, मोल्डमध्ये बसवा, पॉलिश करा, थर दिसावा म्हणून नायटल हे आम्लाचं द्रावण लावा, मग व्हिकर्स या कडकपणा मोजणाऱ्या मशीनवर कडेपासून आतपर्यंत एकेक रीडिंग घ्या. वेळ खाणारं काम, आणि कापलेला पीस भंगारात. मी एकच कापला. उरलेल्या चार रीडिंगमध्ये दशांश थोडे पुढेमागे करून टेबलावर बसून रिपोर्ट भरला. आजूबाजूचे सगळे तसंच करायचे. हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं होतं, आज देणार नाही.

लॅबमध्ये निवृत्तीला आलेले एक काका होते. त्यांनी रिपोर्ट पाहिला, ट्रे पाहिला.

"साहेब, पीस तर एकच कापलाय. ही चार रीडिंग कुठनं आली?"

"काका, एकाच सेटिंगचा माल आहे. सारखंच येणार."

"सारखंच येणार होतं, तर लिहिणाऱ्याने पाच कशाला लिहिले असते?"

मग त्यांनी मला मशीनवर नेलं. क्वेंचच्या, म्हणजे तापलेला शाफ्ट फवाऱ्याने थंड करणाऱ्या रिंगची भोकं दाखवली. त्यातली दोन-तीन शिफ्टच्या मध्यात गाळाने बुजली, तर सकाळचा पीस चांगला निघतो आणि दुपारच्या मालावर मऊ पट्टा राहतो. कॉइल जरा सरकली तरी एका बाजूचा थर उथळ होतो. म्हणून पाच, आणि तेही शिफ्टच्या वेगवेगळ्या वेळचे. माझं डिग्रीचं मेटलर्जीचं पुस्तक पाठ होतं, पण ती भोकं मी वाकून पाहिली नव्हती. आम्ही मशीनवरून परत येईपर्यंत लॉट निघून गेला होता. तो थांबवण्यासाठी मी फोन उचलला नाही. त्या लॉटची कधीच तक्रार आली नाही. पण माल चांगला होता की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. ते सांगता यावं, यासाठीच तर मला पगार होता.

नासाच्या चॅलेंजर अवकाशयानाची गोष्ट मी नंतर वाचली, आणि ती वाचताना मला ते काका आठवत होते. २७ जानेवारी १९८६ची रात्र. यानाचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर, त्यात रॉजर बॉइजोली, सांगत होते की थंडीत ओ-रिंगचं, म्हणजे बूस्टरचा सांधा बंद करणाऱ्या कड्याचं, रबर कडक होतं, सांधा वेळेत बंद होत नाही, म्हणून ५३ फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण नको. नासाला ते पसंत पडलं नाही. कंपनीने थोडा वेळ मागून आपसात चर्चा केली. त्या चर्चेत इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला त्याच्या वरिष्ठाने सांगितलं, इंजिनिअरची टोपी उतरव आणि मॅनेजमेंटची घाल. त्याने घातली. उड्डाणतळावर असलेल्या ॲलन मॅकडोनल्ड यांनी संमतीवर सही करायला नकार दिला, तेव्हा सही कंपनीच्या युटातल्या ऑफिसातून फॅक्सने आली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि आतले सातही जण गेले. मॅकडोनल्ड चौकशी आयोगापुढे बोलले, त्यावरून त्यांना खालच्या जागेवर टाकलं गेलं, आणि पुढे बूस्टरचा सांधा नव्याने बनवण्याचं काम त्यांच्याकडेच आलं. मला या सगळ्यात ती टोपी फार अस्वस्थ करते. आपल्या शॉपवर दर महिन्याच्या ३० तारखेला ती कुणी ना कुणी कुणाला तरी देत असतो.

आपल्याकडे सीएंसाठी १९४९चा कायदा आहे, वकिलांसाठी १९६१चा, आर्किटेक्टसाठी १९७२चा. चूक केली तर सनद जाऊ शकते. कारखान्यातल्या इंजिनिअरकडे काढून घ्यावी अशी सनदच नाही. असा कायदा यावा असं मला मनापासून वाटतं. 'मी सही करणार नाही' म्हणणाऱ्या २३ वर्षांच्या मुलाच्या पाठीशी तेव्हा निदान काहीतरी उभं राहील. आज त्याच्या पाठीशी फक्त त्याचा बॉस उभा राहू शकतो.

म्हणून त्या महिनाअखेरीला मी त्या मुलाबरोबर थांबलो. रात्री आम्ही दोघांनी मिळून उरलेले तीन पीस कापले. पाचही पीस ड्रॉइंगमध्ये दिलेल्या मर्यादेत बसले. लॉट एक दिवस उशिरा गेला, जादा गाडीभाडं कंपनीला पडलं. वरिष्ठ म्हणाले, "बघा, उगाच थांबवलं." मी म्हटलं, "साहेब, माल चांगला आहे हे आपल्याला आज कळलं. काल आपण ते नुसतं धरून चाललो होतो." ते काही बोलले नाहीत, पण रागावलेही नाहीत.

मार्चमध्ये त्या मुलाचं अप्रेझल माझ्याकडे येईल. फॉर्मवर 'प्रोफेशनलिझम' असा एक रकाना असतो, जो आम्ही सगळे न वाचता भरतो. यंदा त्यात मी या लॉटचा नंबर लिहिणार आहे.