‘इंजिन बदलायचं सोडून खोलत बसले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तो वाचणाऱ्यांपैकी काहींच्या गाड्यांवर उद्या हीच वेळ येऊ शकते, म्हणून सविस्तर लिहितो. तुमची तक्रार थोडक्यात अशी: ऑक्टाव्हिया आरएसचं इंजिन गेलं. दुसरीकडे सेकंडहँड इंजिन आठवड्याभरात बसवून मिळत होतं, तरी मजुरी वाढवायला आम्ही जुनंच खोललं. दीड महिना गेला, बिल पहिल्या अंदाजाच्या वर गेलं, चांगले बोल्ट फेकून नवे लावले, आणि एवढं करून ‘सध्या पळवू नका’ म्हणून गाडी हातात दिली.

गाडी टोइंगवर आली तेव्हा ती मिस मारत होती, म्हणजे इंजिन अडखळत चालत होतं. आम्ही लगेच पाना हातात घेतला नाही. आधी कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजलं. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर ११ ते १२ बार, तिसरा ५ च्याही खाली. मग लीकडाउन केलं, म्हणजे तिसरा पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा भरली आणि ती कुठून पळते ते पाहिलं. तुम्ही शेजारीच उभे होतात. सायलेन्सरमधून आवाज नाही, हवा आत घेणाऱ्या इनटेकमधून नाही, कूलंटच्या टाकीत बुडबुडे नाहीत. ऑइलचं झाकण काढलं आणि तिथून हवा फुसफुसत बाहेर यायला लागली. याचा अर्थ व्हॉल्व आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांमधली पट्टी) शाबूत, बिघाड रिंगा-पिस्टनकडे. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घातल्यावर सिलिंडरच्या भिंतीवर उभा ओरखडाही दिसला.

खोलायचं की बदलायचं, हे इथून पुढे ठरतं. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला खिडकी पडली असेल तर प्रश्नच मिटतो. मेन बेअरिंग फिरून क्रँकची (पिस्टन फिरवतात त्या दांड्याची) बैठक खराब झाली असेल, किंवा इंजिन तापून ब्लॉकला तडा गेला असेल, तरीही मी गिऱ्हाइकाला दुसरं इंजिन बघायला सांगतो. आम्ही ते बसवूनही देतो. खरं तर त्यात गाडी लवकर बाहेर पडते आणि जागा मोकळी होते, त्यामुळे धंद्याला तेच परवडतं. तुमच्या गाडीत यातलं काही नव्हतं. शिवाय या १९८४ सीसीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे. बिडाला बोअरिंग (सिलिंडर कापून मोठा करणं), होनिंग (भिंत घासून नेमक्या मापाची करणं), लायनर (आतून नवी नळी बसवणं) सगळं करता येतं. असा ब्लॉक न मोजता भंगारात घालायला माझं मन होत नाही.

हेड उतरवल्यावर तिसऱ्या पिस्टनचा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधला पट्टा तुटलेला निघाला. त्याच्याच तुकड्याने भिंत ओरबाडली होती आणि ओरखड्यात नख अडकत होतं. पिस्टनच्या माथ्यावर, कडेकडेने, वाळूचा मारा झाल्यासारखे बारीक खड्डे होते. ही खूण डेटोनेशनची. म्हणजे स्पार्कने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतं आणि पिस्टनवर घणाचे घाव बसतात.

मग ते तिसऱ्याच सिलिंडरमध्ये का झालं? पेट्रोल फवारणारे चारही इंजेक्टर तपासणीच्या बेंचवर लावले तेव्हा तिसरा बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे कमी पेट्रोल देत होता. त्यात गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रीमॅप केलेला, म्हणजे ताकद वाढवायला त्यातली फाइल बदललेली, आणि ती फाइल १०० ऑक्टेन धरून लिहिलेली (ऑक्टेन जितकं जास्त, तितकं पेट्रोल आपोआप भडकायला कठीण). इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेन पेट्रोल डिसेंबर २०२० पासून पुण्यात मिळतं खरं, पण ते ठरावीक पंपांवर, आणि घाईच्या वेळी जवळच्या पंपावरचं साधं पेट्रोल टाकत होतो हे तुम्हीच सांगितलंत. जास्त बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली हवा), कमी ऑक्टेन आणि एका सिलिंडरला अपुरं पेट्रोल, एवढं एकत्र आल्यावर कुठलाही पिस्टन टिकत नाही.

सर, रिव्ह्यूमध्ये नेमकी हीच गोष्ट राहून गेली आहे. सेकंडहँड इंजिन आलं असतं तरी ईसीयू तुमचाच राहिला असता, त्यातली फाइल तीच आणि पेट्रोलही तेच. अशा अदलाबदलीत अनेकदा जुन्या इंजिनाचे इंजेक्टरसुद्धा काढून नव्यावर चढवले जातात. कारण न शोधता बदललेलं इंजिन त्याच वाटेने जातं, आणि तेव्हा दोन इंजिनांचा खर्च अंगावर पडतो.

त्या इंजिनाचा फोटो तुम्ही मला पाठवला होता. मी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारायला सांगितल्या होत्या: लीकडाउनचे आकडे, सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उघडून दाखवणार का, आणि जीएसटीचं बिल. उत्तर आलं, ‘चालू करून दाखवतो.’ इंजिन चालू होणं आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क रोज पेलणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कागदपत्रांचाही प्रश्न होता. इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदीशी विसंगत बदल मंजुरीशिवाय करता येत नाही, म्हणजे आरटीओत नवा नंबर चढवणं आलं आणि विमा कंपनीला कळवणं आलं. इंजिन कुठून आलं याचं बिलच नसेल तर हे कशाच्या जोरावर करायचं? उद्या अपघात झाला आणि सर्व्हेअरने नंबर ताडून पाहिला, तर क्लेम तिथेच अडकतो. कंपनीकडून कोरं इंजिन मागवायचा पर्यायही आपण पाहिला होता, पण तो खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाकडे बघता तुम्हालाच पटला नाही.

आता वेळ. ब्लॉक मशीनकामासाठी भोसरी एमआयडीसीत गेला. चारही सिलिंडरचा व्यास ८२.५ मिमीवरून ८३ करणं हा झटपट मार्ग होता, पण त्याने इंजिन सुमारे २००८ सीसीचं झालं असतं आणि आरसीवरचा आकडा चुकला असता. म्हणून फक्त तिसऱ्याला लायनर घालून तो मूळ मापावर आणला आणि चारही सिलिंडर होन केले. होनिंग करताना हेडच्या जागी जाड प्लेट बोल्टने आवळून घ्यायला लावली, कारण हेड आवळल्यावर सिलिंडरचा गोलपणा किंचित बिघडतो आणि माप त्याच अवस्थेत घ्यावं लागतं. फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) पिस्टनचा सेट यायला वेळ लागला. क्रँकचे जर्नल (बेअरिंग बसतात ते गोल भाग) मापात होते, हेडची प्रेशर टेस्ट पास झाली, टर्बोच्या पात्यांना टवके नव्हते. या तिन्हींचं एकही जास्तीचं काम आम्ही काढलं नाही, बिलात बघा.

बिल वाढलं ते लायनर, इंजेक्टर आणि ऑइल कूलर यांमुळे. ऑइल कूलरच्या आतल्या बारीक वाटांमध्ये अडकलेला धातूचा चुरा धुऊन शंभर टक्के निघत नाही, आणि तो सुटला की नवी बेअरिंग खातो. एस्टिमेटवर ‘इंजिन खोलण्यापूर्वीचा अंदाज’ असं लिहिलेलं आहे. प्रत्येक वाढीव कामाआधी फोटो पाठवून व्हॉट्सॲपवर तुमचा होकार घेतला आहे. हेडचे आणि रॉडचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कने (जोराने) आवळून वर आणखी काही अंश फिरवायचे असतात. त्यात ते कायमचे ताणले जातात, म्हणून दुसऱ्यांदा वापरत नाहीत. तिथे पैसे वाचवायला मी कुणालाच सांगणार नाही.

आणि ‘पळवू नका’ असं कुणी म्हटलेलं नाही. पहिले १५०० किमी पूर्ण बूस्ट आणि लाँच (उभ्या गाडीवरून एकदम पूर्ण जोराने सुटणं) टाळा, एवढंच सांगितलं. नव्या रिंगा होन केलेल्या भिंतीवर बसायला मध्यम लोड लागतो. त्यामुळे सिग्नल-टू-सिग्नल रखडवूनही उपयोग नाही आणि एक्स्प्रेस-वेवर एकाच स्पीडला तासभर धरूनही नाही. सकाळी साताऱ्याच्या बाजूला जा, गिअर बदलत, आरपीएम खाली-वर करत चालवा. चढाला थोडा जोर द्या, उताराला पाय काढा.

५०० किमी झाले की गाडी आणा. ऑइल आणि फिल्टर बदलू, जुना फिल्टर तुमच्यासमोर कापून चुरा येतोय का बघू, आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन पुन्हा घेऊ. ईसीयूत सध्या कंपनीची मूळ फाइल आहे. रीमॅप परत हवा असेल तर तुम्ही रोज जे पेट्रोल भरता त्यावर लॉग (चालत्या इंजिनाच्या नोंदी) घेऊन लिहिलेलाच बसवू, १०० ऑक्टेनचा नाही. तुटलेला पिस्टन, जुना इंजेक्टर आणि मापांचा कागद खोक्यात बांधून ठेवलाय. दुसऱ्या कुणा जाणकाराला दाखवायचा असेल तर जरूर घेऊन जा. सोमवार सोडून कधीही या, मी गॅरेजवरच असतो.