टोक नाही म्हणून एक स्टार दिलेल्या रेस्क्यू चाकूबद्दल

नमस्कार सर, रिव्ह्यू पूर्ण वाचला. एक स्टार दिलाय आणि लिहिलंय की चौदाशे पन्नास रुपये घेऊन बोथट चाकू हातात दिला, टोकच नाही, दाते आहेत त्यामुळं आंबासुद्धा नीट कापत नाही, चादरीच्या गठ्ठ्यांच्या दोऱ्या कापून कापून धार गेली आणि धारवाला आता हात लावायला तयार नाही, मागची पिन भंगारातल्या गाडीच्या समोरच्या काचेवर मारली तर नुसते तडे गेले, आणि नवी पेठेत दीडशेला याच्यापेक्षा भारी चाकू मिळतो. चाकू ड्रायव्हरसाठी घेतलाय असंही लिहिलंय, त्याचा टेम्पो रोज हैदराबाद रोडला असतो म्हणून. त्याच्याचसाठी सविस्तर लिहितोय.

आधी टोकाचं. हा चाकू आम्ही डिझाईन करून घेतला तेव्हा टोक मुद्दाम ठेवलं नाही. गाडी पलटी झालीय, बेल्ट लॉक होऊन माणसाच्या छातीवर आणि ओटीपोटावर आवळलाय, बकल दबल्यामुळं लाल बटण दाबलं तरी सुटत नाही, अंधार आहे, कापणाऱ्याचे हात थरथरतायत आणि पातं सरकवायचंय कुठं तर बेल्ट आणि अंग यांच्या मधल्या बोटभर जागेत. तिथं टोकदार पातं जरा घसरलं की सरळ पोटात जातं. म्हणून पात्याची पाठ पुढं वळवून गोल केलीय, ती गोल बाजू अंगाकडं ठेवून आत सरकवायची, धार बेल्टकडं, आणि बाहेर ओढायचं. जहाजावरचे खलाशी दोर कापायला असल्याच बिनटोकाच्या पात्याचे चाकू वापरायचे, हलत्या जहाजावर तोल गेला तर कुणाला भोसकलं जाऊ नये म्हणून. नवी पेठेतला तो दीडशेचा चाकू मी बघितलाय, फळं कापायला चांगला आहे, पण अडकलेल्या माणसाच्या अंगाजवळ तो नेऊ नका एवढं कळकळीनं सांगतो.

आता दाते. सीटबेल्ट पॉलिस्टरचा, साधारण दोन इंच रुंद आणि एकदम घट्ट विणीचा. सोलापूरच्या माणसाला विणकाम काय सांगायचं, पण ताणा-बाणा इतका आवळलेला असला की साधी धार वरनं नुसती घसरत जाते, विशेषतः ती थोडी बोथट असली तर. दात्यांचं तसं होत नाही, पहिला दाता बेल्टच्या काठात रुततो, करकर आवाज येतो आणि पट्टा ताणलेला असेल तर एका ओढीत बराचसा सुटतो. सैल पट्टा मात्र पात्याभोवती गोळा होतो, म्हणून दुसऱ्या हातानं ताणून धरायचा आणि आडवा नाही, तिरका कापायचा. आणि माणूस उलटा लटकत असेल तर आधी त्याला खालून आधार द्या मगच कापा, नाहीतर तो मानेवर आदळतो. भंगारातून आणलेले बेल्ट दुकानात ठेवलेतच, ड्रायव्हरला पाठवा, दोन-चार कापू दे त्याच्या हातानं.

धारवाला नाही म्हणाला ते बरंच झालं म्हणायचं. या दात्यांना एकाच बाजूनं धार असते, दुसरी बाजू सपाट, चाकावर धरला की दाते झिजून सगळे सपाट होतात. बारीक निमुळती डायमंडची सळई घेऊन एकेक दाता घासावा लागतो, ते मी करून देतो, पैसे नाही घेत. पण सर, गठ्ठ्याच्या दोऱ्या, ताडपत्री, आंबा याच्यासाठी गाडीत दुसरा साधा चाकू ठेवा ना. हा रोज वापरला तर गरजेच्या दिवशी बोथट निघणार, आणि तो दिवस काय सांगून येत नाही.

काचेबद्दल बरोबर बघितलं तुम्ही, समोरची काच तडकतेच, फुटून पडत नाही. ती लॅमिनेटेड असते, दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर, कुठल्याच पिननं ती मोकळी होत नाही. अमेरिकेत ट्रिपल ए नावाच्या वाहनचालकांच्या संस्थेनं 2019 मध्ये काच फोडायची 6 साधनं तपासली, टेम्पर्ड काच, म्हणजे फुटली की बारीक तुकडे होऊन पडते ती, 4 साधनांनी फोडली, लॅमिनेटेड एकानंही नाही, आणि हातोडीसारख्या साधनांपेक्षा स्प्रिंगवाली जास्त चालली. आपली पिन हातोडीसारखी जोरात मारायची असते, हात मागं घ्यायला जागा लागते आणि पाण्याखाली हात जोरात फिरतच नाही, म्हणून मी गिऱ्हाइकाला बेल्ट कापायला चाकू आणि काचेसाठी वेगळा स्प्रिंगवाला पंच सांगतो, तो काचेवर टेकवून नुसता दाबायचा, आतली स्प्रिंग टोक आपटते. बाजूच्या काचा बऱ्याच गाड्यांत टेम्पर्ड असतात पण नव्या काही गाड्यांत त्याही लॅमिनेटेड यायला लागल्यात, काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं असतं ते आजच जाऊन वाचा. टेम्पर्ड असेल तर मधोमध नाही, कोपऱ्याजवळ मारायचं. काचेवर सनफिल्म असेल तर काच फुटूनही पडदा लटकल्यासारखी तिथंच राहते, मग लाथेनं बाहेर ढकलायची. आणि गाडी कॅनॉलमध्ये नाहीतर तळ्यात गेलीच तर दाराशी झटत बसू नका, पाणी काचेपर्यंत चढायच्या आत खिडकी खाली घ्या, नाही झाली तर लगेच फोडा.

केशरी मूठ खेळण्यासारखी दिसते असंही लिहिलंय तुम्ही. काळी मूठ सीटखाली पडली की अंधारात मिळत नाही, केशरी मोबाईलच्या उजेडात लगेच दिसते. मूठ खरखरीत आहे ती घाम-रक्तानं ओल्या हातातून निसटू नये म्हणून. पात्याला गोल भोक आहे ते अंगठ्यानं एका हातात उघडायला, दुसरा हात माणसाला धरायला मोकळा पाहिजे. ही भोकाची पद्धत स्पायडर्को नावाच्या अमेरिकन कंपनीनं 1981 मध्ये आणली, आजही तिच्यासारखी सोय नाही, हातमोजे घातलेले असले तरी उघडतो. लॉक पाठीकडं दिलंय, म्हणजे बंद करताना बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत.

तुमच्या ड्रायव्हरनं चाकू ठेवलाय कुठं हे तुम्ही लिहिलं नाही. डिकीत किंवा सीटमागच्या पेटीत असेल तर नसल्यासारखाच आहे. बेल्ट लावून सीटला टेकून बसा, डाव्या हातानं पोचतो का बघा, मग उजव्या, दोन्ही हातांना लागेल अशीच जागा पक्की करा, नुसता दाराच्या कप्प्यात टाकला तर गाडी उलटली की कुठं उडून जाईल सांगता येत नाही. आणि हे सगळं वाचून कुणी बेल्ट लावायचं सोडू नका हो, बेल्टमध्ये अडकणं क्वचित होतं, बेल्ट नसलेला माणूस बाहेर फेकला जातो ते जास्त होतं.

चाकू घेऊन या, दाते घासून देतो, टेम्पोच्या काचेचा छापाही बघू. तरी नको वाटला तर बिल दाखवा, पूर्ण पैसे परत. फक्त परत करायच्या आधी ड्रायव्हरच्या हाताशी दुसरा कुठला तरी बेल्ट कटर लावून घ्या, तो आमच्याकडूनच घ्यायला पाहिजे असं काही नाही.