ऑडिट नाटक असेल, तर तालीम कोण घेतं?

चाकण-भोसरीपासून अंबड-वाळूजपर्यंत कारखान्यातल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. त्याचं सार असं: आयएसओचं (गुणवत्ता व्यवस्थेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं) ऑडिट म्हणजे वर्षातून दोनदा होणारं नाटक. तारीख आधीच कळते, आदल्या रात्री रजिस्टरं भरली जातात, ऑडिटर येतो, जेवतो, सही करतो, ‘झिरो एनसी’चे (एनसी म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी, ऑडिटमध्ये निघालेली त्रुटी) पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं. तेव्हा ऑडिट बंद करा, नाहीतर न सांगता करा.

यातलं वर्णन बहुतेक ठिकाणी खरं आहे, म्हणून तर मजकूर इतका फिरतो. पण दोष ज्याच्या माथी मारलाय तो चुकीचा आहे. रजिस्टर आदल्या रात्री भरावं लागतं, कारण ते वर्षभर कुणी भरत नाही आणि कुणी बघतही नाही. अंतर्गत ऑडिट, म्हणजे कारखान्यातल्याच माणसांनी करायचं ऑडिट, कधी, कशाचं आणि कोणी करायचं हे तिथलाच मॅनेजर ठरवतो. आता अशा मजकुरांतला एकेक मुद्दा घेऊ.

‘वर्षातून दोनदा ऑडिट करून काय कळणार?’

दोनदा करा असं सांगितलंय कुणी? आयएसओ ९००१:२०१५ मधलं अंतर्गत ऑडिटचं कलम ९.२ उघडा. तिथे ‘ठरवलेल्या अंतराने’ एवढंच आहे, आकडा नाही. उलट ऑडिटचा कार्यक्रम आखताना तीन गोष्टी विचारात घ्या असं स्पष्ट म्हटलंय: प्रक्रिया किती महत्त्वाची आहे, कोणते बदल झालेत आणि मागच्या ऑडिटमध्ये काय निघालं.

आता आपल्याकडचा वार्षिक ऑडिट प्लॅन आठवा. डावीकडे खात्यांची नावं, वर बारा महिने आणि प्रत्येक ओळीत दोन टिकमार्क. स्टोअरला दोन, एचआरला दोन, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीलाही दोनच. हा तक्ता गेल्या वर्षीच्या फाईलमधून कॉपी केलेला असतो, फक्त साल बदललेलं. मध्ये एखादं मशीन एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये गेलं, प्लेटिंगचा सप्लायर बदलला, कंत्राटी मुलांची अख्खी बॅच नवीन आली, ग्राहकाकडून एकाच दोषाची तक्रार लागोपाठ आली, तरी टिकमार्क जागचे हलत नाहीत. भट्टीचं ऑडिट ऑक्टोबरमध्ये आहे, मग ऑक्टोबरमध्येच होणार!

ज्या मॅनेजरला हे बदलायचंय त्याला सल्लागाराची गरज नाही. दर महिन्याच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये दहा मिनिटं काढायची, या महिन्यात काय बदललं ते विचारायचं आणि त्याप्रमाणे प्लॅन पुढे-मागे करून नव्या तारखेसह सही करायची. भट्टी वर्षात चार वेळा तपासली आणि एचआर एकदाच, तरी बाहेरचा ऑडिटर काही बोलणार नाही. कारण विचारलंच, तर ते दाखवता आलं पाहिजे, एवढंच.

‘तारीख आधी सांगितली की ऑडिट वाया. अचानक धाड घाला.’

हा मुद्दा सगळ्यात लोकप्रिय आहे, आणि त्यात तथ्यही आहे. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिने २०१४ मध्ये भारतातल्या औषध कारखान्यांत न कळवता तपासणीचा प्रयोग केला होता. तो बंद पडला, पण मे २०२५ मध्ये परदेशातल्या अशा तपासण्या वाढवण्याचं त्यांनी जाहीर केलं. गोव्यातल्या वेर्ण्याच्या फार्मावाल्यांना हे सांगायला नको. खाद्यपदार्थांच्या एफएसएससी २२००० योजनेतही तीन वर्षांच्या चक्रात किमान एक ऑडिट न सांगता होतं. समोरचा लपवाछपवी करेल अशी शंका असेल, तर ते हत्यार योग्यच आहे.

अंतर्गत ऑडिट मात्र आपल्याच माणसांचं असतं. न सांगता गेलात की लाईनवर सेटिंग चालू असते, शिफ्ट इनचार्ज कस्टमरकडे गेलेला असतो, भट्टी बंद असते, आणि तुम्ही दोन फोटो काढून परत येता. शिवाय एका रात्रीत काय काय बदलता येतं? फरशी धुता येते, बोर्ड नवा लावता येतो, शॅडो बोर्डवरची (हत्यारांच्या आकृत्या काढलेल्या फळीवरची) हत्यारं जागेवर जातात. तीन महिन्यांचे मापांचे चार्ट एका रात्रीत बनत नाहीत. बनवले तर ते ओळखू येतात: दर दोन तासांची पाच-पाच रीडिंगं, सगळी एकाच पेनाने, एकाच हातची, आणि आकडा एका मायक्रॉननेही हललेला नाही.

माझं म्हणणं असं की तारीख सांगा, कोणत्या मालाचा लॉट तपासणार ते सांगू नका. डिस्पॅचमध्ये जाऊन गेल्या महिन्यातलं एक चलान ऑडिटरने स्वतः उचलावं आणि तिथून उलटं चालत जावं. चलानवरून फायनल इन्स्पेक्शनचा रिपोर्ट, तिथून हार्डनेसची रीडिंगं, त्या दिवशीचा भट्टीचा चार्ट, त्या भट्टीच्या थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या साधनाचं) कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, मग मशीन शॉपचं रजिस्टर, आणि शेवटी स्टीलचं टेस्ट सर्टिफिकेट, हीट नंबरसकट (स्टीलच्या ओतणीचा क्रमांक). साखळी कुठे तुटते ते तासा-दोन तासांत कळतं. खात्याने काढून ठेवलेली ‘ऑडिटची फाईल’ उघडावीसुद्धा लागत नाही.

वेळेचंही नियोजन लागतं. आपली बहुतेक अंतर्गत ऑडिटं जनरल शिफ्टमध्ये, चहा आणि जेवणाच्या मधल्या वेळेत होतात. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ मध्ये उत्पादन प्रक्रियेचं ऑडिट सगळ्या शिफ्टमध्ये व्हावं आणि शिफ्ट बदलताना काम कसं सोपवलं जातं तेही तपासावं असं लिहिलेलं आहे. तरी तिसऱ्या शिफ्टचं ऑडिट कागदावर रात्री दोनचं आणि प्रत्यक्षात संध्याकाळी सहाचं असतं. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते, तर शुक्रवारी सकाळी मशीन सुरू होताना पहिला पीस कोण पास करतो ते बघायला जा. महिनाअखेरीला डिस्पॅचची बोंब चालू असताना जा. पहिल्या आठवड्यात, काम निवांत असताना, सगळेच नियम पाळतात.

‘दुसऱ्या खात्याच्या माणसाला आमच्या मशीनचं काय कळतं?’

प्रक्रियेचं ऑडिट करणाऱ्याला ती प्रक्रिया कळली पाहिजे, हे मान्य. आयएटीएफही तेच मागतं. पण ज्याचं काम त्यानेच तपासलं तर निःपक्षपातीपणा कुठे राहिला? लहान कारखान्यात माणसं कमी असतात, तिथे जोडी करावी: एक जाणकार, एक परका. परक्या माणसाचा फायदा म्हणजे त्याला साधे प्रश्न विचारायची लाज वाटत नाही.

ऑपरेटरला विचारा, “दादा, पीस मापात नाही आला तर काय करता?” उत्तर पाठ असतं: “लाल डब्यात टाकतो, सुपरवायझरला सांगतो.” जाणकार ऑडिटर इथे टिकमार्क करून पुढे जातो. परका विचारतो, “आणि त्याच्या आधीचे?” म्हणजे शेवटचा चांगला पीस मोजला, त्यानंतर हा खराब सापडला. मधल्या वेळात निघालेले सगळे पीस कुठे गेले? ते बाजूला काढायचं काम कुणाचं? या प्रश्नावर बहुतेक लाईनींवर शांतता पसरते, आणि नेमका तोच माल पुढे ग्राहकाकडे सापडतो.

‘आयएसओ म्हणजे नुसते कागद’

२००८ च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअल आणि सहा लेखी कार्यपद्धती सक्तीच्या होत्या. २०१५ मध्ये दोन्ही सक्ती गेल्या. मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह हे पद नेमायची अटही गेली, तरी आपल्याकडे ‘एमआर साहेब’ अजून आहेतच. जाडजूड फायली आपण सवयीने सांभाळतो.

‘सर्टिफिकेट असूनही माल परत येतो’

येणारच. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, ते प्रमाणन संस्था देतात, आणि तेही व्यवस्थेचं असतं. तुमच्या गिअरच्या दातांबद्दल त्यात एक अक्षर नसतं. त्यासाठी तयार मालाचं ऑडिट वेगळं करायचं असतं.

‘झिरो एनसी म्हणजे खातं चांगलं’, आणि ‘दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं’

ही दोन वाक्यं त्या एकाच मजकुरात शेजारी-शेजारी असतात, याची मला गंमत वाटते. एनसी निघाली की मीटिंगमध्ये खातेप्रमुखाला उभं करायचं, अप्रेझलमध्ये त्यासाठी गुण कापायचे, आणि मग झिरो आल्याचं कौतुक करायचं. अशा कारखान्यात पुढच्या वेळी ऑडिटर ‘सूचना’ या नावाखाली सगळं लिहितो, कारण त्यालाही उद्या त्याच लोकांबरोबर कॅन्टीनमध्ये बसायचं असतं. मॅनेजरने एनसीची मोजणी बंद करावी आणि तीच एनसी परत आली का, एवढंच मोजावं.

परत का येते, ते क्लोजरच्या (एनसी बंद करताना भरायच्या) रकान्यात वाचा. ‘ऑपरेटरला समज दिली’, ‘पुन्हा प्रशिक्षण दिले’, खाली हजेरीचा कागद आणि नव्या बोर्डाचा फोटो. मेलवर आलेल्या त्या फोटोवर एनसी बंद करणारा मॅनेजरच असतो. त्याने सही राखून ठेवावी, दीड-दोन महिन्यांनी त्याच लाईनवर, त्याच शिफ्टमध्ये उभं राहावं आणि त्या वेळी कामावर असलेल्या नव्या मुलाला तोच प्रश्न विचारावा. तोवर ती एनसी बोर्डावर लाल राहिली तरी चालेल.